साडीला खिसे नसतात

उल्हासनगर स्टेशनाबाहेरच्या स्कायवॉकवर एक दिवा असा आहे, की त्याच्याखाली उभं राहून काही माणसं रोज संध्याकाळी मनसोक्त गप्पा मारतात आणि आवाज मात्र कसला म्हणून होत नाही. बाजूने जाणारे जरा वळून बघतात, मग पुन्हा आपापल्या फोनमध्ये मान घालतात. ज्यांचे कान धडधाकट त्यांनी ते बुचं घालून बंद केलेले, आणि ज्यांना ऐकू येत नाही ते मात्र दिव्याखाली तास तास बोलत उभे, अशी त्या पुलाची उलटी तऱ्हा आहे. ह्या मंडळींच्या मधोमध जो उभा असतो, निळ्या रंगाने ज्याची नखं कायमची काळवंडली आहेत, तो मिलिंद.

लहानपणी ताप डोक्यात गेला आणि उतरताना कान घेऊन गेला, असं त्याची आई शेजारणींना सांगत असे. मिलिंदने ते तिच्या ओठांवरून टिपलं होतं. पुढे शहाणी माणसं त्याला बघून 'बिचारा' म्हणत, तेही त्याने असंच टिपलं. त्याला स्वतःला आपण बिचारे आहोत असं कधी वाटलं नाही. त्याला शहर कानांनी नाही, तळव्यांनी कळतं. खालून गाडी गेली की पूल अंगातून हलतो आणि ती थरथर त्याच्या पोटऱ्यांपर्यंत येते. संध्याकाळी कठड्याला टेकून तो खाली बघतो, तेव्हा रिक्षांची रांग, शेंगदाणेवाल्याच्या कढईतली वाळू, चपलांच्या ढिगापाशी हात नाचवणारा दुकानदार, सगळं कसं निवांत चाललेलं असतं. कुणी कुणावर ओरडत नाही. रस्त्यावरची भांडणंसुद्धा त्याला नाच बसवल्यासारखी दिसतात. मग हळूहळू दुकानांचे दिवे लागतात आणि सगळा बाजार पाण्याखाली गेल्यासारखा मऊ होतो. त्या वेळी मिलिंदला हे गाव फार आवडतं.

कॅम्प पाचमधल्या जीन्सच्या कारखान्यात तो खिसे लावतो. पँट एकाकडून येते, तो खिसे लावतो, ती पुढच्याकडे जाते. मशिनांच्या घरघरीत बाकीचे कारागीर ओरडून ओरडून घसा बसवून घेतात. मिलिंद आणि त्याचा दोस्त महेश, तोही बहिराच, हॉलच्या दोन टोकांना बसून आरामात सुखदुःखाच्या गोष्टी करतात. सिंधी सेठ मात्र त्याच्या कानापाशी येऊन बोंब मारतो, "मिलिंद साईं, आज माल निकालना है!" बहिऱ्याशी मोठ्याने बोलायचं असतं, ही सेठची समजूत इतक्या वर्षांत काही गेलेली नाही. मिलिंदही आता मान डोलावतो. सेठचं मन कशाला मोडा.

ह्या मंडळींची एक रीत आहे. कागदावरचं नाव कागदावर, पण हातांचं नाव मंडळींनी ठेवायचं, आणि ते माणूस बघून ठेवायचं. मिलिंदचं नाव म्हणजे कमरेच्या खिशावर मारलेली थाप. थाप मारली, झाला मिलिंद. त्याची बायको भावना हिचं नाव गालावरची खळी. भावना त्याला पहिल्यांदा दिसली ती समोरच्या फलाटावर, मैत्रिणीशी हातांनी बोलत असताना. त्याने ह्या फलाटावरून मध्येच तोंड घातलं. दोन फलाटांच्या मधून गाडी आली की वाक्य अर्धं राही, गाडी गेली की तिथूनच पुढे सुरू होई. त्या दिवशी दोघांच्याही कितीतरी गाड्या सुटल्या. लग्नाचं असं ठरलं, आणि आजूबाजूच्या शेकडो माणसांतल्या एकालाही पत्ता लागला नाही.

अंबरनाथ पूर्वेला एका खोलीत त्यांचा संसार सुरू झाला. मुलगी झाली तेव्हा घरात एकच काळजी होती: बाळ रडलेलं कळणार कसं? भावनाने तोड काढली. पाळण्याच्या दोरीचं एक टोक झोपताना आपल्या मनगटाला बांधलं. बाळ हललं की दोरी हलायची आणि आई उठायची. थोड्याच दिवसांत पोरीला उमजलं, की ह्या घरात ओरडून उपयोग नाही. ती दोरी ओढायला शिकली. डोळ्यांतून धारा, ओठ थरथरताहेत आणि आवाजाचा पत्ता नाही, अशी ती रडायची. शेजारीण कौतुक करायची, "किती गुणाची पोर, रडणं म्हणून ऐकू येत नाही." ते कौतुक मिलिंदने ओठांवरून टिपलं आणि पोरीला उचलून घेतलं.

तिचं कागदावरचं नाव ऋतिका. जो उचलून घेईल त्याच्या कानाची पाळी धरून ती ओढायची, म्हणून महेशने तिचं हातांचं नाव ठेवलं: चिमटीत कानाची पाळी. बहिऱ्यांच्या मेळ्यात कान ओढणारी पोर, ह्याच्यावर मंडळी किती दिवस हसत होती. तिला व्यवस्थित ऐकू येत होतं. बोलायला ती शेजाऱ्यांकडून शिकली आणि हातांनी बोलायला घरात. घरी आली की आधी दाराजवळचं बटण दोनदा खालीवर करायची. खोलीतला दिवा मिचकायचा आणि मिलिंद वळून बघायचा. तीच तिची हाक. मंडळींतही हीच पद्धत आहे. वर्षातून एकदा सगळे हॉल घेऊन जमतात, तेव्हा ज्याला चार शब्द बोलायचे असतील तो जाऊन दिवे मिचकावतो आणि सगळे हात खाली येतात.

फ्रॉकातली ऋतिका ह्या घराचं तोंड झाली. गॅसवाल्याला फोन तीच करायची, दवाखान्यात डॉक्टरांना आईचं पोट कुठे दुखतं ते तीच सांगायची. बाजारात बापलेक हातांनी बोलत चालले, की भाजीवाल्या बघत राहायच्या. मिलिंद खिशावर थाप मारून विचारायचा, मी कोण? ती आपल्या छोट्याशा कमरेवर थाप मारून म्हणायची, तू तू. त्या दिवसांत मिलिंदला सगळं मिळालं होतं, हे आता मागे वळून बघताना त्याला कळतं.

मग ऋतिका कॉलेजात गेली. एका संध्याकाळी ती स्कायवॉकवर बापाशी बोलत उभी असताना तिच्या वर्गातल्या मुली आल्या. त्या जरा पुढे गेल्या, थांबल्या आणि ह्यांच्यासारखे हात हलवून एकमेकींना दाखवत हसल्या. दुष्ट नव्हत्या त्या, पोरीच होत्या. पण ऋतिकाचे हात वाक्याच्या मध्येच थांबले. तिने ते जीन्सच्या खिशांत घातले आणि बापाला डोळ्यांनी म्हणाली, चला.

त्यानंतर रस्त्यावर तिचे हात खिशांतून बाहेर आले नाहीत. घरी ती पूर्वीसारखीच बोलायची, भांडायची, चेष्टा करायची. पण उंबऱ्याबाहेर पडली की हात खिशांत. शेजारी चालत असताना ती फोनवर लिहून पाठवायची, 'पप्पा, कोथिंबीर घेऊ का?' आणि मिलिंद अंगठ्याचं चित्र पाठवायचा. जे खिसे लावून त्याने पोरीला वाढवलं, त्याच खिशांत पोरीची भाषा जाऊन बसली होती. त्याने तिला कधी टोकलं नाही. टोकून काय म्हणणार? शाळेत त्याने स्वतः ह्याच हातांवर पट्ट्या खाल्ल्या होत्या, हातवारे बंद कर आणि तोंडाने बोल म्हणून. लाज म्हणजे काय हे त्याला कुणी शिकवायची गरज नव्हती. पण रोज कठड्याशी उभं राहून दुसऱ्यांची पोरं बापांशी बडबडत जाताना बघितली, की त्याला फार एकटं वाटायचं.

लहानपणापासून दुसऱ्यांसाठी फोनवर बोललेली मुलगी, तिला नोकरी लागली तीही फोनवर बोलायची, कस्टमर केअरमध्ये. तिथेच तिला अभिजीत भेटला. बदलापूरला, बेलवलीत राहणारा, सरळ, जरा लाजाळू मुलगा. पहिल्यांदा घरी आला तेव्हा त्याने मिलिंदला वाकून नमस्कार केला आणि फोनवर लिहून दाखवलं, 'काका, मी अभिजीत.' मिलिंदला तो आवडला. साखरपुडा बेलवलीतल्या एका हॉलमध्ये ठरला.

तयारी चालू असताना एका सकाळी चहा पिता पिता मिलिंद भावनाला हातांनी म्हणाला, "जायच्या आधी एकदा तिने चार माणसांत माझ्याशी बोलावं. बस, एवढंच."

"मागून मिळायची गोष्ट आहे का ती?" भावना म्हणाली. तिचे हात कणकेचे होते. "न मागता देईल तेव्हा खरं."

न मागता मिळालं ते वेगळंच. त्याच संध्याकाळी ऋतिका दोघांसमोर बसली आणि सांगू लागली, "तिकडे खूप लोक असतील. काही बोलायचं असलं तर मला सांगा, मी बोलेन. तुम्ही फक्त समोर बसा. आणि हात…" इथे तिचे हात सावकाश झाले. "हात जरा कमी."

मिलिंदने मान हलवली. राग आला असता तर बरं झालं असतं. रागाला काही करता येतं. त्याला नुसतं रिकामं रिकामं वाटलं. दुसऱ्या दिवशी दिव्याखाली महेशला सांगितलं, तर तो भडकलाच. "तू वधूपिता! दोन शब्द बोलायचा मान तुझा!"

"तोंड तिचं आहे," मिलिंद म्हणाला, "आणि ते तोंड नको म्हणतंय."

महेशने दोन्ही हात वर करून सोडून दिले. खालून गाडी गेली, पूल थरथरला, आणि दोघं बाजाराचे दिवे बघत राहिले.

साखरपुड्याला भर दुपारी पडदे ओढून आत रोषणाई केली होती. मिलिंद नव्या शर्टात पहिल्या रांगेत बसला. टेबलावर बुद्धाची मूर्ती, बाबासाहेबांचा फोटो, मेणबत्त्या, पांढरी फुलं. वंदना सुरू झाली ती त्याला सगळ्यांच्या जोडलेल्या हातांवरून कळली. शेकडो ओठ एकदम एका चालीत हलत होते. त्याला ते फार सुंदर दिसलं. बुद्धं सरणं त्याला ओठांवरून पाठ होतं. त्याने तेही ओठांतच म्हटलं. मग माणसांच्या गर्दीतून ऋतिका आली. पांढरी साडी, निळे काठ, केसांत मोगरा. ही आपली मुलगी, हे त्याला क्षणभर खरंच वाटेना. ती सगळ्यांशी हसून बोलत होती. बापाकडे बघून तिने हळूच मान हलवली. हात तिने पदराच्या टोकात गुंडाळून ठेवले होते.

अभिजीतची आई सुनेत्राताई उत्साही बाई. त्यांनी माइकवर सगळ्यांचं स्वागत केलं. मिलिंदकडे बघून त्या इतक्या मोठ्याने बोलल्या असाव्यात, की मागच्या रांगा दचकल्या. मग माइक मुलाच्या मामांकडे गेला. मामा दोन शब्द बोलले, मामांनंतर काका बोलले, काकांनंतर कुणी संस्थेचे अध्यक्ष. मग मामा माइक घेऊन वधूपक्षाच्या रांगेकडे वळले. मिलिंद नकळत खुर्चीत पुढे सरकला. मामांनी त्याच्यासमोर येऊन हसून नमस्कार केला आणि माइक त्याच्या डोक्यावरून, मागे बसलेल्या त्याच्या चुलतभावाच्या हातात दिला. मामांचा हेतू वाईट नव्हता. ज्याला बोलता येत नाही त्याला माइक कशाला, एवढाच साधा हिशेब.

तो चुलतभाऊ कशावर बोलला देव जाणे. मिलिंद उठला. आपण काय करतोय हे त्याला नंतरही नीट सांगता आलं नाही. मंडळींच्या हॉलमध्ये बोलायचं असलं की माणूस जसा उठतो तसा तो उठला, भिंतीशी गेला, आणि बटणांच्या रांगेवरून त्याने हात फिरवला. खाली, वर, खाली, वर.

हॉलमध्ये अंधार, उजेड, अंधार, उजेड.

"लाईट गेली!"

"अरे जनरेटर बघा कुणीतरी!"

"पोरांना धरा, पोरांना!"

एक आजी खुर्चीवरून उठता उठता पुन्हा बसल्या. मग दिवे स्थिर झाले आणि सगळ्यांना दिसलं, की नवरीचा बाप बटणांवर हात ठेवून उभा आहे. मिलिंदलाही तेव्हाच भान आलं. आपल्या हॉलमध्ये दिवे मिचकले की हात खाली येतात. इथे घबराट झाली होती.

"काय झालं? त्यांना काही हवंय का? पाणी?" मामांनी ऋतिकाला विचारलं.

ऋतिकाचा चेहरा पांढरा पडला होता. तिच्या हातात माइक दिला गेला. तिने हसायचा प्रयत्न केला. "सॉरी हां, चुकून बटण…"

मिलिंदने तिचे ओठ वाचले. त्याने दोन्ही हात वर केले, आणि सगळ्या हॉलसमोर, स्कायवॉकवर बोलतो तेवढे मोठे हात करून म्हणाला, "चुकून नाही. मला बोलायचंय. तू सांग."

भावना पहिल्या रांगेत लेकीकडे बघत बसली होती. मग ऋतिकाने माइक तोंडाशी नेला आणि तिच्या त्या कस्टमर केअरच्या स्वच्छ आवाजात म्हणाली, "चुकून नाही. पप्पांना बोलायचंय. ते जे म्हणतील ते मी सांगते."

मिलिंद बोलू लागला. मागून तिचा आवाज चालला.

"माझी मुलगी छान बोलते. आमच्या घरात बोलणारी ती एकटीच. ती लहान असताना आम्हाला तिचं रडणं ऐकू यायचं नाही. म्हणून तिच्या पाळण्याची दोरी हिच्या आईच्या मनगटाला बांधलेली असायची."

हॉलमध्ये शूटिंगसाठी वर धरलेले फोन हळूहळू खाली आले.

"ती दोरी आज मी तुम्हाला देतोय. अभिजीत, तुला. सुनेत्राताई, तुम्हाला. तुम्हाला सगळ्यांना ऐकू येतं, म्हणून मला काळजी वाटते. तुम्ही ऐकत बसाल. पण ही रडते तेव्हा आवाज होत नाही. आमच्यामुळे तशी सवय लागली तिला. हिच्याकडे…"

तिथे आवाज थांबला. मिलिंदचे हात पुढे गेले होते, वाक्य पूर्ण झालं होतं, पण तिच्याकडून ते येईना. ओठ मिटलेले, डोळ्यांतून सरळ धारा, आणि आवाज म्हणून नाही. सगळा हॉल माइककडे कान लावून वाट बघत होता.

"पुढे काय म्हणाले?" कुणीतरी विचारलं.

अभिजीत तिच्याकडे बघत होता. त्याने मागे न बघता हात वर करून विचारणाऱ्याला थांबवलं. तो उठून तिच्या बाजूला जाऊन उभा राहिला आणि तिच्या चेहऱ्याकडेच बघत राहिला. हातांची भाषा त्याला काडीची येत नव्हती, पण बापाचं ते शेवटचं वाक्य त्याला कुणी सांगावं लागलं नाही. हिच्याकडे बघत जा.

ऋतिकाने माइक त्याच्या हातात दिला. तिचा उजवा हात सवयीने कमरेशी गेला आणि तिथे नुसताच चाचपडला. निऱ्या होत्या, काठ होता, खिसा कुठेच नव्हता. हात तिथेच थांबला. मग, खिसा असता तिथे, तिने थाप मारली. एकदा, आणि पुन्हा एकदा. पप्पा. आणि पदरातून दुसरा हातही मोकळा करून, सगळ्या हॉलसमोर, सासरच्या माणसांसमोर, डोळेही न पुसता ती हातांनी म्हणाली, "पप्पा, तुम्हाला माझं रडणं दिसायचं. नेहमी दिसायचं. मीच तुम्हाला लपवलं."

मिलिंदने आपल्या कानाची पाळी चिमटीत धरली, तिचं नाव घेतलं आणि तशीच धरून ठेवली.

सुनेत्राताई पुढे आल्या. "काय गं म्हणालीस त्यांना? आम्हाला पण सांग की."

"आई, ते आमच्यातलं आहे," ऋतिका म्हणाली. "शिकवेन तुम्हाला."

जेवणं झाल्यावर मंडळी बाहेर पडली. बेलवलीच्या रस्त्यावर ऊन कलतं झालं होतं. रिक्षा कोपऱ्यावर उभी होती, पण बापलेक स्टेशनाकडे चालतच निघाले. ऋतिका सगळा रस्ताभर हातांनी बडबडत होती: मामांचं तोंड कसं झालं, खुर्चीवरच्या आजी कशा बसल्या, जिलबी जरा कच्चीच होती. दुकानांतून माणसं वळून बघत होती. तिला भान नव्हतं, आणि असतं तरी साडीला खिसे नसतात. मिलिंद तिच्या हातांवरून नजर न काढता चालत होता आणि भावना त्याचा शर्ट धरून त्याला खड्डे चुकवीत होती.